रोजा आणि रांजण

मोहरमच्या नवव्या तारखेच्या रात्री आमच्या गावच्या घरी दोन कामे बरोबरीने चाललेली असतात. स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या रोज्यासाठी सहेरीची, म्हणजे पहाटेच्या जेवणाची, तयारी होत असते आणि ओसरीवर रांजण घासून, विसळून भरले जात असतात. एक तयारी स्वतः पाणी न पिण्याची, दुसरी येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजण्याची. ही दोन्ही कामे मी लहानपणापासून इतकी जोडीने पाहिली की ती वेगवेगळ्या कारणांनी सुरू झाली असतील, असे मला कधी वाटलेच नाही. पुढे स्वतः वाचू लागले तेव्हा कळले की दोहोंच्या मुळांमध्ये जवळजवळ साठ वर्षांचे अंतर आहे. रोजा मदिनेतून आला आहे आणि रांजण करबलेतून.

मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना आणि आशुरा म्हणजे त्याची दहावी तारीख. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी चार पवित्र आहेत, असे कुरआनात म्हटले आहे आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या नोंदींत, त्यांची नावे आली आहेत: जिल्काद, जिल्हज, मोहरम आणि रजब. या महिन्यांत शस्त्र उचलणे निषिद्ध मानले जाई. आपल्याकडे मोहरम म्हटले की ताबूत, पंजे, डोले आणि ताशांचा आवाज आठवतो, आणि माझे काही सहकारी त्या दिवशी प्रेमाने ‘मोहरमच्या शुभेच्छा’ असा संदेशही पाठवतात. मी त्यांना कधी दुखवत नाही, परंतु संधी मिळाली की सांगते, की हा शुभेच्छांचा सण नाही, हा रोज्याचा, दुआचा आणि दानाचा दिवस आहे आणि त्याच दिवसावर एका मोठ्या दुःखाची सावलीही आहे.

आधी रोज्याविषयी सांगते. मक्केतील कुरैश लोक इस्लामपूर्व काळातही आशुराचा रोजा ठेवत आणि त्या दिवशी काब्यावर आवरण चढवले जाई, असे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांनी सांगितले आहे. पैगंबर मुहम्मद (स.) इ.स. ६२२ मध्ये हिजरत करून, म्हणजे मक्का सोडून, मदिनेला आले, तेव्हा तेथील यहुदी लोक या दिवशी उपवास करताना त्यांना दिसले. कारण विचारल्यावर उत्तर मिळाले, की याच दिवशी अल्लाहने हजरत मूसा आणि त्यांच्या लोकांना फिरऔनच्या (इजिप्तच्या राजाच्या) तावडीतून सोडवले, म्हणून मूसांनी कृतज्ञतेने उपवास केला होता. त्यावर पैगंबरसाहेब म्हणाले, की मूसांशी आमचे नाते तुमच्यापेक्षा अधिक जवळचे आहे. मग त्यांनी स्वतः रोजा ठेवला आणि इतरांनाही ठेवण्यास सांगितले. एका समाजाच्या सुटकेचा आनंद दुसऱ्या समाजाने आपला मानावा आणि त्यासाठी अन्नपाणी सोडावे, ही गोष्ट मला आजही थक्क करते. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे अनिवार्य झाले आणि तेव्हापासून आशुराचा रोजा ऐच्छिक ठरला: ज्याला हवे त्याने ठेवावा, ज्याला नको त्याने सोडावा.

या रोज्याविषयीच्या हदीसपैकी मला सर्वांत जवळची वाटते ती रुबय्यि बिन्त मुअव्विज या मदिनेतील स्त्रीने सांगितलेली. आम्ही आमच्या लहान मुलांनाही हा रोजा ठेवायला लावत असू, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करून ठेवत असू आणि एखादे मूल खाण्यासाठी रडू लागले की इफ्तारची वेळ होईपर्यंत त्याच्या हाती ते खेळणे देत असू, असे ती म्हणते. धर्मग्रंथांच्या पानांत असे एखादे रडणारे मूल आणि त्याची समजूत काढणारी आई भेटली की चौदा शतकांचे अंतर एकदम मिटते.

मी स्वतः आशुराचा पहिला रोजा १९९७ मध्ये ठेवला. हिजरी वर्ष चांद्रवर्ष आहे, सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान आहे आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी येतो. त्या वर्षी तो मे महिन्यात आला होता. आमचे गाव माण तालुक्यातले. तेथे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती, आणि पिण्याचे पाणी बैलगाडीवरच्या पिपातून येत असे. मी दहा वर्षांची होते. दादीने आदल्या दिवशी वजूपुरते, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुण्यापुरते, पाणी ठेवून घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी बंद केल्या, कारण ओसरीवरचे तीनही रांजण भरायचे होते. दानाचे पाणी उरलेल्या पाण्यातून द्यायचे नसते, आपल्या वाट्यातून काढायचे असते, असे तिने मला शब्दांत कधी सांगितले नाही. त्या दिवशी मातीने माखलेल्या पायांनी मी झोपले तेव्हा ते मला आपोआप कळले.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हाती लांब दांड्याचे ओगराळे दिले आणि मला रांजणाजवळ बसवले. चावडीकडे जाणारी वाट आमच्या ओसरीवरूनच जाते. बाजाराला निघालेली माणसे, पंजाच्या दर्शनाला आलेल्या बायका, ताशा वाजवून घामाघूम झालेली मुले, सगळे थांबत आणि ओंजळ किंवा ग्लास पुढे करत. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि समोरच्या माणसाच्या घशातून पाणी उतरल्याचा आवाज मला ऐकू येत होता. दुपारी एकदा माझा हात जड झाला असावा, कारण मी ग्लास अर्धाच भरला. दादी मागून म्हणाली, “गिलास पूरा भर बेटी, हात तंग नक्को कर.” त्या क्षणापर्यंत मी माझ्या तहानेचे तास मोजत होते, त्यानंतर मी ग्लास मोजू लागले आणि दिवस पुढे सरकला.

त्या पाणपोईला आमच्याकडे सबील म्हणतात. सबील म्हणजे वाट. ‘अल्लाहच्या वाटेवर’ दिलेले ते सबील. मोहरममध्ये ती का लावायची, याचे उत्तर फुरात (युफ्रेटिस) नदीच्या काठी आहे. हिजरी सन ६१ च्या मोहरमच्या दहाव्या तारखेला, म्हणजे १० ऑक्टोबर ६८० रोजी, आजच्या इराकमधील करबला येथे पैगंबरसाहेबांचे नातू हजरत इमाम हुसैन आपल्या कुटुंबातील पुरुषांसह आणि मोजक्या सोबत्यांसह मारले गेले. तेव्हाचा खलीफा यजीद याच्या सत्तेला मान्यता देण्यास त्यांनी नकार दिला होता. कूफा शहराच्या बोलावण्यावरून ते तिकडे निघाले होते. परंतु वाटेतच त्यांना अडवण्यात आले आणि सातव्या तारखेपासून नदीचे पाणी तोडण्यात आले. नदी नजरेच्या टप्प्यात होती आणि तंबूत मुले तहानेने व्याकूळ झाली होती. पाणी आणण्यासाठी मश्क (चामड्याची पखाल) घेऊन गेलेले त्यांचे सावत्र भाऊ हजरत अब्बास परत आले नाहीत. ज्या महिन्यात शस्त्र उचलायचे नाही त्याच महिन्यात हे घडले आणि ज्यांनी हे केले तेही नमाज पढणारेच होते, ही गोष्ट मला कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक बोचते.

शिया समाज आशुराला शोक पाळतो. त्या दिवशी ते रोजा ठेवत नाहीत, तर फाका करतात, म्हणजे दुपार ढळेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य करतात आणि मग अगदी साधे काहीतरी घेऊन तो सोडतात. सुन्नी घरांत रोजा असतो आणि तो मूसांच्या सुटकेच्या कृतज्ञतेचा असतो. शास्त्राच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात, हे मला मान्य आहे. तरीही करबलेची तहान ज्या दिवसाची आहे त्याच दिवशी मी तहानलेली असते, हे मी माझ्या घशापासून लपवू शकत नाही.

आमच्या घरात या प्रश्नावर मतभेद होते. अब्बा पुस्तके वाचणारे. ताबूत, सवारी, पंजे यांना धर्मात आधार नाही, असे त्यांचे ठाम मत होते आणि आजही आहे. दादी मात्र दरवर्षी कत्तलच्या रात्री, म्हणजे नववीच्या रात्री, चावडीसमोरच्या आलाव्यापाशी (मोहरमच्या अग्निकुंडापाशी) जाऊन उभी राहत असे. आमच्या गावी पंजाचा मान पाटलांच्या घराकडे आहे. पंजा उचलणारा हिंदू, ताशा वाजवणारा हिंदू आणि गुळाचे चोंगे करून वाटणाऱ्या बायका दोन्हीकडच्या. दादीने माझ्या धाकट्या भावाला एका आजारपणानंतर नवस म्हणून मोहरमचा फकीर केले होते. गळ्यात हिरवा दोरा, खांद्याला लहानशी झोळी, आणि पाच घरी जाऊन धान्य मागून आणायचे. त्या धान्यात घरचे घालून मलिदा करायचा आणि तो वाटायचा. अब्बा त्यावर नाराज झाले होते. नवसाच्या बाबतीत अब्बांचे म्हणणे मला आज बरोबर वाटते. परंतु ज्या मुलाच्या घरी धान्याची पोती होती, त्या मुलाला पाच दारांशी हात पसरून उभे राहावे लागले, याचा त्याच्यावर काही परिणाम झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. तो आजही दारी आलेल्या माणसाला उभ्याने पाठवत नाही.

ताबूतावरून वाद झाले, फकिरीवरून झाले, रांजणांवरून मात्र कधीच झाले नाहीत. पाणी भरायला अब्बा दादीच्या आधी उठत. याचे कारण मला २०१० मध्ये समजले. त्या वर्षी पावसाळ्यात दादी गेली आणि आशुरा आला तो डिसेंबरमध्ये. कडाक्याची थंडी होती. पाणी कोण पिणार, असे आईने विचारले. अब्बांनी काही न बोलता तीनही रांजण भरले आणि मग त्यांनी आम्हांला सअद बिन उबादा यांची हदीस सांगितली. सअद यांची आई वारली तेव्हा त्यांनी पैगंबरसाहेबांना विचारले, की तिच्या नावाने कोणते दान सर्वांत चांगले होईल. उत्तर आले, “पाणी.” मग त्यांनी एक विहीर खोदली आणि ती आईच्या नावाने दिली. हे सांगताना अब्बांचा आवाज स्थिर होता, पण ओगराळे त्यांनी त्या दिवशी कोणाला हाती घेऊ दिले नाही. मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत, जेमतेम वीस-पंचवीस माणसे पाणी प्यायली असतील.

रोज्याच्या नियमांविषयी थोडे लिहिते, कारण दरवर्षी कोणीतरी विचारते. पुढच्या वर्षी मी राहिलो तर नववीचाही रोजा ठेवीन, असे पैगंबरसाहेबांनी म्हटले होते, परंतु पुढचा मोहरम येण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. म्हणून दहावीला जोडून नववीचा, किंवा ते न जमल्यास अकरावीचा रोजा ठेवण्याची पद्धत आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी मतात केवळ एकट्या दहावीचा रोजा ठेवणे तितकेसे चांगले मानत नाहीत. कोकणातील आमचे नातलग शाफई मताचे आहेत, त्यांच्याकडे एकट्या दहावीलाही हरकत नसते. रोजा ऐच्छिक असल्यामुळे आजारी, गर्भवती किंवा थकलेल्या माणसाने स्वतःवर जबरदस्ती करू नये. त्या दिवसासाठी ठरावीक संख्येच्या विशेष नमाजा सांगणारी पत्रके फिरत असतात. जाणकार आलिम, म्हणजे धर्मपंडित, त्यांना आधार नसल्याचे सांगतात. मी नेहमीच्या पाच नमाजा, रात्री उठणे झाले तर तहज्जुदची ऐच्छिक नमाज, आणि कुरआनाचे जमेल तेवढे पठण यापलीकडे जात नाही. माझ्यासारख्या शाळेत दिवसभर बोलणाऱ्या बाईसाठी त्या दिवशीचे मौन हीसुद्धा मोठी इबादत असते.

आशुराच्या रोज्याने मागील एका वर्षाच्या पापांची क्षमा व्हावी, अशी आशा पैगंबरसाहेबांनी व्यक्त केली आहे. त्या वाक्यात आशा हा शब्द आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शिवाय आलिम हेही सांगतात, की माणसांचे जे हक्क आपण बुडवले आहेत ते रोज्याने फिटत नाहीत. ते त्या त्या माणसालाच परत करावे लागतात किंवा त्याची माफी मागावी लागते. म्हणून दादी आशुराच्या आधी उसनी आणलेली प्रत्येक वस्तू, मग ती शेरभर ज्वारी असो की शेजारचे पाटा-वरवंटे, परत करून येई आणि दारातूनच म्हणे, “कहा-सुना माफ करना.” माझ्या मते तिच्या आशुराची खरी सुरुवात तेथे होत असे.

या दिवशी घरच्या माणसांवर मोकळ्या हाताने खर्च करणाऱ्याला अल्लाह वर्षभर बरकत देतो, अशी एक हदीस सांगितली जाते. तिच्या प्रामाण्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यामुळे बरकतीचा हिशेब मनात न ठेवता आम्ही त्या दिवशी खिचड्याची मोठी डेग चढवतो, गहू, डाळी आणि मांस रात्रभर शिजू देतो आणि इफ्तारनंतर वाटतो. मांस न खाणाऱ्या घरांसाठी एक पातेले वेगळे असते. जकात हा वेगळा विषय आहे, ती अनिवार्य आहे आणि तिचा हिशेब आम्ही रमजानमध्ये करतो. आशुराचे दान सदका आहे, त्याला ना ठरलेली रक्कम ना ठरलेला प्रकार.

गेली काही वर्षे मी आणि माझे पती या दिवसाआधी गावातल्या एका किराणा दुकानात जातो आणि उधारीच्या वहीतील एखाददुसऱ्या घराची बाकी भरून येतो. कोणाचे खाते फिटले हे आम्ही विचारत नाही. कोणी फेडले हे दुकानदार सांगत नाही. हे येथे लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. दान उघडपणे दिले तर चांगलेच आहे, पण गुपचूप गरजूंना दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले, असे कुरआनात आले आहे, आणि उपकार बोलून दाखवून किंवा मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, असेही त्याच सूरहमध्ये बजावले आहे. ज्यांची खाती फिटली त्यांना मी ओळखत नाही आणि त्यांनी मला ओळखू नये, एवढी काळजी घेऊन मी हे लिहिते आहे, कारण ही पद्धत आणखी चार गावांत सुरू झाली तर मला आनंद होईल. दान घेणाऱ्याच्या हाती पिशवी देतानाची छायाचित्रे पाहिली की मला वाईट वाटते. पाणी पिणाऱ्याचे छायाचित्र दादीने कधी काढले असते असे मला वाटत नाही.

१७ जुलै २०२४ रोजी आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या, आणि ६ जुलै २०२५ रोजी पुन्हा तसेच घडले. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होत असल्यामुळे त्याची दहावी तारीख नेहमीच शुद्ध एकादशी-द्वादशीच्या आसपास असते. मोहरम आषाढात आला की हा योग येतो, आणि तोही तीनेक दशकांनी. दोन्ही वर्षी गावातील निम्म्याहून अधिक चुली थंड होत्या. आमच्या सबीलचे सरबत उपवासाला चालेल का, असे शेजारच्या काकूंनी २०२४ मध्ये आदल्या दिवशीच विचारले, तेव्हा दरवर्षीचे गुलाबाचे सरबत बाजूला ठेवून आम्ही लिंबू आणि साखरेचे केले, आणि खिचड्याची डेग दुसऱ्या दिवशी, द्वादशीला चढवली. काकूंनी रांजणाजवळ बसून दुपारभर माझ्याबरोबर ग्लास भरले. त्यांचा उपवास पाणी पिऊन चालणारा होता, पण मी समोर आहे म्हणून त्या आत जाऊन पाणी पीत. दुसऱ्यांदा त्या उठल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि त्यांना माझ्यासमोरच ग्लास भरून दिला, काठोकाठ.

२०२५ च्या आशुराला माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने रोजा ठेवण्याचा हट्ट धरला. तो जवळजवळ साडेचौदा तासांचा होता. मी तिला दुपारपर्यंत ठेव, असे सांगितले आणि रुबय्यि यांची गोष्ट आठवून लोकरीची एक लहानशी शेळी विणून दिली. दुपारी दोन वाजता तिने जेवायला नकार दिला. चार वाजता ती शेळी उशाशी घेऊन झोपली. सूर्यास्ताला अजान झाली तेव्हा तिने खजूर बाजूला ठेवून आधी पाणी घेतले, आणि अब्बांनी तिच्याकडून इफ्तारनंतरची दुआ म्हणवून घेतली. तिचा अर्थ असा आहे: तहान निघून गेली, शिरा ओल्या झाल्या, आणि अल्लाहने इच्छिले तर मोबदला पक्का झाला.

पाऊस रिमझिमत होता, त्यामुळे पाणी प्यायला थांबणारे कमी होते आणि तिसरा रांजण निम्मा उरला होता. नमाजानंतर अब्बा तो रिकामा करायला बाहेर आले. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या आणि त्याबद्दल क्षमा मिळालेल्या माणसाची हदीस त्यांनी लेकीला सांगितली. तिने विचारले, की पावसात कुत्र्यांना तहान लागते का. अब्बा म्हणाले, “रखके देख.” ओगराळे तिच्या उंचीला मोठे होते. तिने ते दोन्ही हातांनी धरले आणि जनावरांच्या दगडी डोणीत एकेक करून पाणी ओतायला सुरुवात केली.